प्रेत हललं, पुन्हा घ्या

४ जून

थरथऱ्या,

हाक वाचून दचकलास ना? दवाखान्याच्या पाटीवर आता तुझ्या नावापुढे दातांच्या तीन डिग्र्या आहेत, पाहिल्यात मी. पण हातात कॅमेरा दिला की हिव भरल्यासारखा थरथरणारा दहावीतला तो कार्टा तूच, आणि पीटीच्या सरांची मुलगी म्हणून सगळ्या वर्गाने जिची 'शिट्टी' केली ती मीच. अजून तीच आहे. औषधांचं दुकान चालवते, दोन मुलं वाढवली, तरी रस्त्यात कुणीतरी 'ए शिट्टे' म्हणून ओरडतंच.

बाबा गेले. बारा एप्रिलला, झोपेत. जन्मभर पहाटे दुसऱ्याची पांघरुणं ओढून काढली आणि स्वतः असे झोपले.

फोन करणार होते. पण काम आपल्या 'तीन टाळकी फिल्म कंपनी'चं आहे, आणि कंपनीचा नियम बाबांनीच घालून दिला होता: तोंडी बोलायचं नाही, कागदावर बोलायचं. तू आणि आपला डायरेक्टर बोंबल्या व्यायामशाळेत एकमेकांच्या अंगावर धावून जायचात म्हणून. 'भांडायचं तर लिहून भांडा, शुद्धलेखन तरी सुधारेल. आणि समोरच्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरं पत्र टाकायचं नाही.' बोंबल्याचं शुद्धलेखन शेवटपर्यंत सुधारलं नाही ती गोष्ट वेगळी.

तर ऐक. अकरा वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हटलं की त्या टोकाचं कुत्रंसुद्धा ताठ उभं राहायचं, तो आवाज. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे महत्त्वाचं. बाबांनी पाटीवर लिहून विचारलं, 'कुणाचा?' मग घरात गळ्यात शिट्टी अडकवून फिरायला लागले. एक शिट्टी म्हणजे पाणी, दोन म्हणजे पेपर, तीन लांब म्हणजे आईशी भांडण. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचे पन्नासेक व्हिडिओ आहेत. सगळ्यांत शिट्टी. आवाज एकातही नाही. त्याच्या आधीचं काही टिपून ठेवावं, हे कुणाला सुचलंच नाही.

आईला आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. कान मात्र इतके तिखट की शेजारचं भांडण आम्हाला कोण चुकलं त्यासकट सांगते. ती एकच धोशा लावून बसलीये: एकदा त्यांचा आवाज ऐकव.

आणि मला आपला पिक्चर आठवला. 'व्यायामशाळेतला खून.' पण त्यात बाबा प्रेत! आईला काय सांगू, की तुझा नवरा आधीही एकदा मेला होता, ही घे त्याची कॅसेट? शिवाय प्रेत बोलत नाही. पण थरथऱ्या, आपल्याकडे दोन कॅसेटी होत्या ना? एक जुनी, तालमीची, जिच्यावर बोंबल्या आधी सगळं करून बघायचा. आणि एक कोरी, जी मनासारखं जमल्यावरच कॅमेऱ्यात घालायची. तालमीच्या कॅसेटवर बाबा बोललेत. ते गप्प राहणारे होते का?

कॅसेटी तुझ्या ताब्यात असायच्या. तालमीची विहिरीत फेकली म्हणून बोंबल्याने सांगितलं होतं, पण त्याचं बोलणं तुला ठाऊक आहे. कुठे आहेत?

शिट्टी


११ जून

बोंबल्या,

अठ्ठावीस वर्षांनी पत्र लिहितोय. पुढचं सगळं वाचायच्या आधी फाडू नकोस. फाडलंस तरी मला कळणार नाही, पण निदान सावकाश फाड.

आधी वाईट बातमी. आपले पीटीचे सर गेले. एप्रिलमध्ये. शिट्टीचं पत्र सोबत जोडलंय, ते वाच म्हणजे काय हवंय ते कळेल. मी ते दोन पेशंटच्या मध्ये वाचलं. पुढचा पेशंट तोंड उघडून वीस मिनिटं बसून होता. शेवटी त्यानेच आ वासलेल्या तोंडाने काहीतरी विचारलं, ते मला समजलं नाही, पण सूर काळजीचा होता.

हो, मी दातांचा डॉक्टर झालो. हस. तुझ्या भाषेत सांगायचं तर ज्याच्या हातात कॅमेरा तीन सेकंद स्थिर राहिला नाही, त्याच्या हातात लोक स्वतःचा जबडा देतात. त्यामागे सर आहेत. आठवतं? प्रेत होऊन आडवे पडलेले असताना, डोळे मिटलेले, तरी म्हणाले, 'थरथऱ्या, कोपर पोटाला घट्ट लाव, कॅमेरा हलणार नाही.' मी अजून दात काढताना कोपर पोटाला लावतो. कॉलेजात कुणी हे शिकवलं नाही.

आता मुद्दा. निरोप समारंभाच्या दुपारी शाळेच्या हॉलमध्ये टीव्ही टेबलावर चढवला, हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे बसले, आणि आपल्या पिक्चरऐवजी तालमीची कॅसेट लागली. बावीस मिनिटं अख्खी शाळा गडबडा लोळली. तू कॅसेट मशीनमधून उपटून पळालास, आणि नंतर सगळ्यांना सांगितलंस की शाळेमागच्या विहिरीत फेकली. माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण बोंबल्या, खरंच फेकली होतीस का? की तू नेहमी बोलायचास तसं बोललास?

सरांच्या बायकोला आवाज ऐकायचाय. बाकी आपलं काय असेल ते नंतर बघू.

थरथऱ्या


१९ जून

हरामखोर दंतवैद्या,

पत्र फाडलं नाही. दोनदा चुरगाळलं.

सर गेले हे वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. माझं गाद्यांचं दुकान आहे. वडिलांच्या गादीवर बसलो, अगदी शब्दशः. दिवसभर लोक येतात, बूट काढून आडवे होतात आणि मी डोक्याशी उभा राहून सांगतो, 'हलू नका. दोन मिनिटं अजिबात हलू नका, म्हणजे पाठीला कळेल.' अठ्ठावीस वर्षं मी प्रेतंच झोपवतोय. फरक एवढाच की ही हलत नाहीत, आणि यांच्यात राम नाही.

तुला आठवतं का, आपलं पहिलं प्रेत कोण होतं? व्यायामशाळेतली गादी. तिला माझ्या बापाचा शर्ट घातला होता. सर मागून येऊन उभे राहिले. आता छडी बसणार म्हणून आपण तिघं ताठ. सर म्हणाले, 'गादी मेलेली कशी वाटेल? ती आधीपासूनच मेलेली असते. बाजूला व्हा.' आणि बूट काढून स्वतः आडवे झाले. पीटीचा मास्तर! चाळीस पोरांच्या धाकाचा विषय! आपल्या तीन टाळक्यांसाठी जमिनीवर!

सतरा वेळा मी त्यांना मारलं. सतरा वेळा ते हलले. आणि अठराव्या वेळी, कोऱ्या कॅसेटवर, असे मेले की काय सांगू. शिट्टी विधवा म्हणून रडायची ती तोवर हसतच होती, ती त्या वेळी खरोखर रडली. तू कॅमेरा घेऊन त्यांच्या पायापासून चेहऱ्यापर्यंत गेलास आणि, मान्य करतो, थरथरला नाहीस. पंधरा वर्षांच्या पोरांनी तसलं काही केलं नसेल कधी. लोक रडले असते. मला त्यांना रडवायचं होतं!

आणि तू तालमीची कॅसेट घेऊन आलास. मुद्दाम. हो, मुद्दाम! माझ्यावर जळायचास तू, कारण मी डायरेक्टर आणि तू हमाल. 'चुकून आली रे,' म्हणालास आणि खाली बघितलंस. चूक करणारा माणूस तोंडाकडे बघतो, खाली बघतो तो लबाड. अख्खी शाळा मला हसली. मी त्या दिवशी पिक्चर सोडला तो सोडला.

तालमीची कॅसेट विहिरीत आहे. बेडकांनी पाहिली असेल तर त्यांना विचार. तू आता एवढंच कर: कोरी कॅसेट, म्हणजे खरा पिक्चर, तुझ्याकडेच आहे, तो शिट्टीला पाठव. आवाज नसेना का, काम बघू दे त्यांचं.

बोंबल्या

(दुसऱ्या अक्षरात, गादीच्या पावतीच्या पाठीवर)

भाऊजी, नमस्कार. आपली ओळख नाही. यांची पत्रं पोस्टात मी टाकते, त्यामुळे पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे. विहिरीबद्दल मला माहिती नाही. पण आमच्या दुकानात मागच्या भिंतीला एक गादी आहे, ती हे विकत नाहीत. गिऱ्हाइकाने हात लावला तरी अंगावर जातात. तिच्या खोळीला चेन आहे आणि आत काहीतरी चौकोनी टोचतं. माझ्याकडून कळलं असं सांगू नका. संसार आहे.


२६ जून

बोंबल्या,

तू मला लबाड म्हणालास. अठ्ठावीस वर्षं म्हणतोयस. आता मला ते पुसायचंय, कारण खरं त्याहून वाईट आहे.

मी लबाड नाही. मी गाढव आहे.

कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचा एक छोटा तुकडा असायचा. तो मोडला की त्या कॅसेटवर पुन्हा काही टेप होत नसे. शूटिंग संपलं त्या दिवशी तू ओरडलास, 'थरथऱ्या, पहिलं काम, खऱ्या कॅसेटचा तुकडा मोड!' मी घरी गेलो, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मोडला. तालमीच्या कॅसेटचा. दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या. चिठ्ठी नंतर लावू म्हणालो होतो.

चार दिवसांनी माझ्या ताईने स्वेटर विणायचा कार्यक्रम टेप केला. तालमीची कॅसेट आधी घातली असणार, मशीनने घेतली नसणार. मग दुसरी घातली. समारंभाच्या सकाळी मी आपला पिक्चर एकदा बघावा म्हणून लावला, तर एक बाई दोन सुया घेऊन म्हणत होती, 'दोन उलट, दोन सुलट, आणि आता काखेकडे घटवायचं.' पाऊण तास. शेवटपर्यंत बघितलं, कुठेतरी सरांचा पाय तरी दिसेल म्हणून. दिसला नाही. शेवटी बाही पूर्ण झाली.

मला तुझ्याकडे येऊन सांगता आलं असतं. पाय उचलला नाही रे. म्हटलं, तालमीची कॅसेट नेऊ, चुकून आणली म्हणू, तू दोन दिवस शिव्या घालशील, मग शांतपणे सांगू. पण तू विहिरीचं बोललास, घराची दारं लावून बसलास आणि नंतर शहर सोडून गेलास. मग वाटलं, लबाड तर लबाड. मूर्खापेक्षा लबाडाला जरा तरी इज्जत असते. तुझा पिक्चर माझ्यामुळे गेला आणि तुझं पिक्चर करणंही माझ्यामुळे गेलं. मला याची लाज वाटते. रोज नाही, पण एखादा पेशंट दुकानात गादीवर पडल्यासारखा खुर्चीत स्थिर पडला की हटकून वाटते.

तेव्हा खरा पिक्चर नाही. कुठेच नाही. जगात सरांचा आवाज असेल तर तो तालमीच्या कॅसेटवर, आणि ती माझ्या मूर्खपणामुळे पुसली जाऊच शकत नाही. विहिरीत असेल तर माझं बोलणंच खुंटलं. पण माझ्या माहितीप्रमाणे विहिरीत गाद्या नसतात.

शिव्या लिही. सवडीने लिही. पण लिही.

थरथऱ्या


२० जुलै

थरथऱ्या,

महिना झाला. तू 'शोधतोय' एवढं एक कार्ड टाकून गप्प. शोधायला काय माळा पालथा घालतोयस की पृथ्वी?

रागावून लिहीत नाहीये. एक झालंय. परवा आईच्या डोळ्यांत औषध घालत होते. मान वर करून, डोळे मिटून बसली होती, आणि सहज म्हणाली, 'त्यांचा आवाज बारीक होता ना गं? बाईसारखा, गोड?'

बारीक! बाबांचा!

मी म्हटलं, आई, घसघशीत होता, नगारा होता. ती म्हणाली, 'हो का? तुला जास्त आठवत असेल.' आणि तेवढ्यावर सोडून दिलं. आई कधी काही सोडून देते का? शिट्टीच्या तीन लांब सुरांशी अकरा वर्षं ती समान पातळीवर भांडली. थरथऱ्या, ती विसरतेय. आणि तिला कळतंय की ती विसरतेय, म्हणून भांडत नाही.

मी नक्कल करून दाखवली. 'सावधान! विश्राम!' ती हसली आणि म्हणाली, 'तू अगदी तुझ्यासारखी ओरडतेस.'

मिळणार नसेल तर तसं सांग. मी तिला वाट बघायला लावलंय.

शिट्टी


२४ जुलै

(बोंबल्याला. पाकिटात शिट्टीचं वरचं पत्र आणि ही चिठ्ठी.)

तुझं उत्तर आलेलं नाही, त्यामुळे कंपनीच्या नियमाप्रमाणे मला दुसरं पत्र लिहिता येत नाही. हे पत्र माझं नाही. फक्त पोचवतोय.


२ ऑगस्ट

शिट्टे,

सोबतच्या खोक्यात एक कॅसेट आहे आणि एक पेन ड्राइव्ह. कॅसेट तुझ्या मशीनमध्ये लागणार नाही, कारण तुझ्याकडे मशीन नसणार. तेच सगळं पेन ड्राइव्हवर घेतलंय, टीव्हीच्या मागे खोचलंस की चालेल.

कॅसेट माझ्याकडेच होती. दुकानातल्या एका गादीच्या खोळीत. ते थरथऱ्याला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, पाकीट चिकटवताना तिच्या बोटाला डिंक लागला होता आणि ती दिवसभर माझ्याशी फार गोड बोलत होती. असो.

विहिरीपर्यंत मी गेलो होतो, हे खरं. फेकता आली नाही. मग फेकली म्हणून सांगून बसलो, आणि एकदा सांगितलेलं मागे घ्यायची माझी जात नाही, तुला ठाऊक आहे. पुढे आमच्या घरी मशीन आलं तेव्हा एका दुपारी कुणी नसताना लावून बघितली. म्हटलं, बघू तरी लोक कशाला हसले. शिट्टे, मीच हसून हसून खुर्चीवरून खाली आलो. मग दर वर्षी एकदा बघायचो. मशीन बिघडलं तेव्हा थांबलो. म्हणजे अठ्ठावीस वर्षं मी ज्या गोष्टीवरून थरथऱ्याला शिव्या घातल्या, ती मला सगळ्यांत जास्त आवडायची. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आणि तोंड दुखलं तर जायचंही त्याच्याकडेच!

त्याने मला खरं काय झालं ते लिहिलं. स्वेटरचं. मी पत्र वाचून महिनाभर उत्तर दिलं नाही, रागावलो होतो म्हणून नाही. मला रागच येईना, हे पचत नव्हतं. इतक्या वर्षांचा राग, एवढा जपलेला, आणि आत निघाली काय तर बाही! त्याला कळव की तो गाढव आहे हे कंपनीने एकमताने मान्य केलंय, आणि त्याने चुकीच्या कॅसेटचा तुकडा मोडला नसता तर आज आपल्याकडे सरांचा आवाज असलेली एकही कॅसेट नसती. माझ्या बायकोने तिच्यावर कधीच योगासनं टेप केली असती.

आता एक सांगायचंय, ते तुझ्या आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी सर आमच्या घरी आले होते. मी आतून कडी लावून बसलो. ते दाराबाहेरून म्हणाले, 'डायरेक्टर, पुढचा कधी? मी बऱ्यापैकी मरतो आता.' मी कडी काढली नाही. बराच वेळ उभे होते, दाराखालच्या फटीतून त्यांचे पांढरे बूट दिसत होते. मग गेले. मी त्यांना पुन्हा कधी भेटलो नाही. रागात होतो, मग लाज वाटली, मग दुकान, मग उशीर. अठराव्या वेळी ते किती छान मेले हे मला त्यांना सांगायचं होतं. राहिलं.

कॅसेट कॉपी करून देणाऱ्या माणसाच्या दुकानात परवा सगळं पुन्हा ऐकलं. खरा पिक्चर राहिला असता, शिट्टे, तर त्यात सर मेलेले आहेत, स्वच्छ, शांत, एकही शब्द नाही. हे जे वाया गेलेलं आहे, यात ते जिवंत आहेत. आणि मी सतरा वेळा त्यांच्यावर ओरडतोय की हलू नका.

आईला ऐकव. माझ्या ओरडण्याबद्दल आधीच माफी माग.

बोंबल्या


१२ ऑगस्ट

बोंबल्या आणि थरथऱ्या,

दोघांना एकच पत्र, दोन प्रती. कुणाला आधी लिहिलं यावरून भांडू नका.

काल दुपारी दुकान बंद ठेवलं. आईला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. तिला आधी सांगून ठेवलं की आई, हा आमचा खेळ होता, यात बाबा मेल्याचं नाटक करतायत, घाबरू नकोस. ती म्हणाली, 'मला काय घाबरवतेस, मी खरं बघून बसलेय.'

लावलं. आधी बराच वेळ खरखर, थरथऱ्याचा श्वास आणि बोंबल्याचं 'शांतता! शांतता!', जे आणखी कुणी बोलत नसताना तू बोलत होतास. मग तुझं 'ॲक्शन', मग काही नाही. आणि मग बाबा शिंकले.

आईने खुर्चीचा हात घट्ट धरला. नुसती शिंक, अजून शब्दही नाही. म्हणाली, 'तेच.'

मग तू किंचाळलास, 'कट! प्रेत हललं! पुन्हा घ्या!' आणि बाबा म्हणाले, 'सॉरी, डायरेक्टर.' त्या आवाजात. खोलीतल्या काचा वाजल्यासारखं मला वाटलं, किंवा मीच थरथरत असेन.  आईचे ओठ हलत होते, बाबांच्या मागोमाग तेच शब्द म्हणत असल्यासारखे.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. मी विधवा म्हणून रडायच्या ऐवजी खिंकाळले, तेव्हा मेलेल्या बाबांनी डोळे न उघडता दम दिला, 'नीट रड. बाप आहे मी तुझा.' आई फसकन हसली. मग मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि प्रेत ताडकन उठून ओरडलं, 'रांगेत! धक्काबुक्की नको!' आई इतकी हसली की मला तिचा कवळी लावलेला जबडा धरावा लागला. थरथऱ्या, ती कवळी सैल आहे, एकदा येऊन बघ. मग 'कोपर पोटाला लाव'. मग पाठीला खडा टोचतोय. मग नाकावर माशी. आणि दर वेळी मागून, बोंबल्या, तुझं, 'कट! प्रेत हललं! सर, हलू नका!'

आणि सतराव्या वेळी बाबा उठून बसले, अंगाची माती झाडली आणि म्हणाले, 'मेलेला माणूसपण दमला रे. चला, पाणी प्या सगळे.' तिथे कॅसेट संपते.

मी आईकडे बघितलं. रडत होती, पण मोकळी, हसून दमल्यावर माणूस रडतं तशी. म्हटलं, बारीक होता का आवाज? म्हणाली, 'कोण म्हणालं बारीक?' आणि माझ्याशी भांडायलाच लागली. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

मग म्हणाली, पुन्हा लाव. लावलं. पुन्हा लाव. चौथ्यांदा लावलं तेव्हा नाकावर माशी बसली, बाबा हलले आणि तू परत ओरडलास. आई एकदम चिडली. काठी आपटली जमिनीवर.

'हा कोण कार्टा मघापासून ओरडतोय गं त्यांच्यावर?'

मी म्हटलं, आमचा डायरेक्टर, आई. बोंबल्या.

'त्याला लिही,' ती म्हणाली, 'हलू दे त्यांना.'

तर बोंबल्या, लिहिलंय.

शिट्टी